डाव्या दरवाजाची काच

आमच्या घरी मोटार होती असं सांगितलं की लोक कौतुकानं बघतात, आणि ती अर्धीच होती असं सांगितलं की हसतात. हसू देत. आबाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांनी, ती लांब नाकाची काळी विलायती गाडी बांबूचा धंदा गुंडाळून निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. आबाजींची आरामशीन होती. सागाचे ओंडके चिरता चिरता त्यांचे दोन मुलगे मोठे झाले, आणि आबाजी गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दोन पोरांनी आरामशीनच्या करवती पट्ट्यापासून विहिरीच्या रहाटापर्यंत सगळं वाटून घेतलं. गाडी तेवढी राहिली. विकायची तर दोघांची सही लागणार, आणि सही कर म्हणून एकानं दुसऱ्याला विनवणं आमच्या घरात शक्य नव्हतं. शेवटी वैतागलेल्या पंचांनी चुन्यात बुडवलेली दोरी टपावर ताणली आणि सोडली. ओंडका चिरण्याआधी मारतात तशी पांढरी रेघ समोरच्या काचेपासून डिक्कीपर्यंत उमटली. डावी बाजू माझ्या बाबांची, उजवी पत्रूकाकांची. बाबा थोरले, म्हणून पहिला मान त्यांचा. साहेब नेहमी मागे डावीकडे बसायचा, म्हणून त्यांनी डावी बाजू मागितली. स्टेअरिंग उजवीकडे असतं हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत काका उजव्या दारातून आत जाऊन बसले होते.

त्यानंतरची अकरा वर्षं गाडी दोघांच्या मधल्या छपरीत उभी होती. धुवायची तरी दोघं आपापली बाजू धूत, आणि चुन्याची रेघ जिथे होती तिथे चार बोटं रुंद मळाचा पट्टा तसाच राही, कारण तिथवर कुणाचाही हात जायचा नाही. वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला, गाडी मार्कंड्याच्या जत्रेला निघे. एकट्यानं न्यायची तर दुसऱ्याची अर्धी गाडी नेल्यासारखं होईल, म्हणून दोघंही जात. काका चालवत, बाबा मागे डावीकडे बसत, आणि जाऊन येऊन दोघांच्या तोंडातून एक शब्द निघत नसे. मी बाबांशेजारी बसलेली असे. देवाला जाताना मनात एवढा राग घेऊन जायचा असतो का, असं मी एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, खिडकीतून बाहेर पाह्य.

आई तरी काय सांगणार. घराच्या मधोमध बांबूच्या तट्ट्याची भिंत होती. शेणामातीनं लिंपलेली, पण जागोजाग पोपडे निघालेली. विटांची भिंत घालायची तर ती कुणाच्या जागेत किती येणार यावरून पुन्हा पंच बोलवावे लागले असते, म्हणून तट्ट्यावर भागलं. तट्ट्यानं दिसणं थांबतं, ऐकू येणं थांबत नाही. पलीकडे काकूनं चूल पेटवताना फुंकणी मारली की आमच्याकडे कळे. आमच्याकडे सुकट भाजली की पलीकडे मुद्दाम मोठ्यानं खाकरलं जाई. आई तशी शांत बाई, पण काकूचा आवाज चढला की ती भांडी घासायला घेई आणि लोट्यावर लोटा असा आपटे की दोन्ही घरची कुत्री उठून उभी राहत. उन्हाळ्यात आंब्याच्या रसाबरोबर खायला सरगुंडे करायचे असत. गव्हाची कणीक काडीवर बारीक गुंडाळत जायची, वाळवायची. हे काम पूर्वी दोन्ही जावा मिळून करत. वाटणीनंतर आई अंगणाच्या ह्या टोकाला खाट टाकून बसे आणि काकू त्या टोकाला, एकमेकींकडे पाठ करून, आणि तरी दोघींचे सरगुंडे एकाच लांबीचे, एकाच पिळाचे होत. कारण दोघींना शिकवलं होतं एकाच सासूनं. मला त्या दोन पाठींचा अतोनात संताप येई. आजही कुठे सरगुंडे पानात आले की पहिल्यांदा तो संतापच आठवतो.

काकांची मालती आणि मी पंधरा दिवसांच्या अंतरानं जन्मलो. वाटणी झाली तेव्हा आम्ही नऊ वर्षांच्या होतो, आणि आम्हालाही वाटलं गेलं. बोलायचं नाही, एका बोरीखाली बोरं वेचायची नाहीत. आम्ही बोलायचो, अर्थात. गावाच्या टोकाच्या बोरिंगवर, एकजण हापसताना आणि दुसरी घागर धरताना, ओठ न हलवता. मालती माझ्या बाबांना मोठे बाबा म्हणे. लहानपणी ती त्यांच्याच खांद्यावर वाढली होती. मला ते खांद्यावर घेत नसत, मी लाथा मारायचे. वाटणीनंतर ते तिच्याकडे बघायचे थांबले. ती त्यांच्याकडे बघायची थांबली नाही. रस्त्यात ते दिसले की ती डोक्यावरची घागर सावरून बाजूला उभी राही, ते निघून जाईपर्यंत.

आता त्या खिडकीचं सांगते. आमच्या घरातून जी मुलगी सासरी गेली ती त्याच गाडीतून गेली, मागे डावीकडे बसून. हा प्रघात आबाजींचा. मुलगी बसली, दार लागलं, की तिनं काच खाली करायची आणि दोन्ही हातांची ओंजळ बाहेर काढायची. घरातल्या एकेकानं येऊन त्या ओंजळीत मूठभर धान टाकायचं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. ते तिनं पदरात ओतून घ्यायचं. सगळ्यांच्या मुठी झाल्या की तिनं स्वतःच्या हातानं काच वर करायची. काच लागल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. आत्याचं लग्न मला आठवतं. काच वर जाताना तिचं तोंड खालून झाकत झाकत गेलं, आणि डोळे तेवढे उरले तेव्हा आई रडायला लागली. गावात दुसऱ्या कुणाकडे असं काही नव्हतं. दुसऱ्या कुणाकडे मोटारही नव्हती.

मालतीचं लग्न वैशाखातलं ठरलं. आणि त्याच वर्षी, शिवरात्रीहून परत येताना, डावी काच अडकली. वर तीन बोटं फट राहिली आणि हँडल नुसतंच गरगर फिरायला लागलं. बाबा म्हणाले, माझा दरवाजा, माझी काच, राहू दे तशीच. ते मुद्दाम म्हणाले, कारण लग्न ठरल्याचं त्यांना कळलं होतं. काकांनी गावातल्या एका भल्या माणसाच्या तोंडी निरोप पाठवला, की लग्नाआधी डावी काच तेवढी दुरुस्त व्हावी. बाबा ओसरीवर बसून पट्ट्याचे दाते घासत होते. मान वर न करता त्यांनी उत्तर दिलं, "पाह्यजे असन तं येऊन सांगन. त्याच्या तोंडानं." काकांचा उलटा निरोप आला, की त्याच्या दारात मी जात नाही, पोर बंद काचेतून जाईल. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. मला दोघांच्याही डोक्यात काही तरी घालावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी बोरिंगवर मालती हापसता हापसता थांबली. ती सहसा माझ्याकडे बघून बोलत नसे, त्या दिवशी बघितलं. म्हणाली, "शोभे, मले बाकी काई नको. मोठे बाबाची मूठ माया हातात पडली पाह्यजे. एवढं झालं का मी जाईन." मी म्हटलं, काच मी खाली करीन. कशी ते माहीत नव्हतं. पण काच खाली आली, ओंजळ बाहेर आली, तर सगळ्या गावासमोर बाबा मूठ आवळून घरात बसू शकणार नाहीत, एवढं मी माझ्या बापाला ओळखत होते. आबाजींच्या प्रघाताला ते नाही म्हणणार नाहीत. त्यांना फक्त काच बंद राहायला हवी होती, म्हणजे नाही म्हणायची वेळच येणार नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वैशाखातल्या दुपारी माणूस घराबाहेर पडत नाही. जेवणं झाली की दोन्ही घरं पाणी मारलेल्या तट्ट्यांमागे आडवी होत, आणि बाबांच्या घोरण्याला पलीकडून काकांचं घोरणं साथ देई. तेवढ्यापुरता दोघांचा सूर जुळे. मी छपरीत गेले. आरामशीनवर पट्ट्याचे दाते लावायला बाबांनी मला शिकवलं होतं, कारण माझे हात बारीक आणि नजर पक्की. तेवढीच माझी विद्या. हँडलच्या मुळाशी बारीक पिन असते. चाकूच्या पात्यानं ती सारली की हँडल निघतं. मग दाराची रेक्झिनची गादी काठानं उचकत आणायची. आत खाकी कागद होता, साहेबाच्या काळचा, हात लावला की भुगा होणारा. त्यामागे दाराच्या पत्र्यात एक आडवं भोक. त्यातून बाबांचा हात मनगटापर्यंत गेला नसता, माझा कोपरापर्यंत गेला. आत मेलेल्या गांधीलमाश्या, गंज, आणि आबाजींच्या बिडीचं थोटूक. ते थोटूक मी बराच वेळ हातात धरून बसले.

काचेची मशीन म्हणजे काही फार नसतं. एक पत्रा, त्यावर अर्ध्या भाकरीएवढं दात्यांचं चाक, त्याला कैचीसारखे दोन हात, आणि वजन तोलायला एक गुंडाळलेली स्प्रिंग. हँडल फिरवलं की चाक फिरतं, कैची उघडते, काच वर जाते. काच वर ढकलून, तिला पाचर मारून मी मशीन मोकळी केली आणि बाहेर काढली. चाकाचे चार दाते सपाट झाले होते. दाते हा माझा विषय होता. ते पुन्हा उभे राहणार नाहीत हे मला बघताक्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फॉर्मचं निमित्त काढून सायकलनं चामोर्शीला गेले. तिथले वेल्डिंगवाले शब्बीरभाई गावात सगळ्यांची नांगर-कुलपं जोडून देणारे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी चाक हातात फिरवलं आणि सांगितलं, की पितळ भरून दाते करता येतील, पण दोन वेळा फिरवलं की गळून पडतील, आणि असली मशीन आता नागपूरच्या भंगारातही मिळायची नाही.

परत येताना सायकलवर मला सुचलं. असली मशीन आणखी एक होती. आमच्याच छपरीत, त्याच गाडीत, मागच्या उजव्या दारात. काकांच्या दारात. ती काच कुणी कधी खाली करत नसे. लग्न झालं की परत लावून टाकू, कुणाला कळणार आहे. आणि शेवटी पोर तर काकांचीच होती, काच तिच्यासाठीच होती. मी स्वतःला हे सगळं इतक्या पटापट पटवलं, की त्याचं मला आजही नवल वाटतं.

दुपारी मी चुन्याच्या रेघेपलीकडे गेले. उजवी गादी काढली, मशीन सोडवली, काच वरच्या वर राहावी म्हणून पाचर शोधू लागले. आधीची पाचर डाव्या काचेखाली होती. छपरीबाहेर मांडवासाठी तोडून आणलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता. त्यातला एक तुकडा कोयत्यानं तासला, काचेच्या कडेला घट्ट ठोकला, आणि गादी परत बसवली. बाहेरून काही म्हणून दिसत नव्हतं.

आणि मग ती मशीन डाव्या दारात बसेना. खूप वेळ मला कळेचना काय होतंय. भोकं जुळत नव्हती, कैची भलतीकडे उघडत होती. जुळवावी म्हणून पालटून धरली, तर भोकं जुळली, कैची जुळली, पण हँडल लावायचा दांडा दाराच्या बाहेरच्या पत्र्याकडे तोंड करून उभा. डावं आणि उजवं एकमेकांचं उलटं असतं, आरशातल्यासारखं, ही एवढी गोष्ट मला त्या दुपारी घामानं निथळताना समजली. पुढे मी तीस वर्षं आयटीआयमध्ये मुलींना फिटरचं काम शिकवलं. पहिल्या दिवशी मी त्यांना हेच सांगायची, की हत्यार नंतर उचला, आधी डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते बघा.

पुन्हा चामोर्शी. शब्बीरभाईंना मी सांगितलं, हा दांडा ह्या बाजूनं कापा आणि त्या बाजूला जोडा. त्यांनी मशीन पाहिली, मला पाहिलं. दोन दिवसांपूर्वी हिच्याजवळ मोडकी होती, आज धड कुठून आली, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "बाई, हे कापलं का कापलं. मग मूळच्या दारात हे वापस बसत नाई. सोचून घे." मी विचार केला. खोटं कशाला सांगू, केला. लग्नानंतर परत लावून टाकू हे जे मी स्वतःला सांगितलं होतं ते आता खोटं ठरणार होतं, आणि ह्यापुढे जे होईल त्याला चोरी म्हणतात, हे मला तिथे त्या भट्टीसमोर स्वच्छ कळलं. मी म्हटलं, कापा.

बसवताना स्प्रिंग सुटली. अंगठ्याच्या मुळापासून तळहातापर्यंत चिरत गेली. तो व्रण अजून आहे. फडकं गुंडाळून मी काम पुरं केलं. हँडल लावलं, फिरवलं. काच खाली गेली. पुन्हा फिरवलं, वर आली. कुठे खरखर नाही, कुठे अडणं नाही, मांजर पाय टाकत यावं तशी. मी सहा वेळा खाली-वर केली. इतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. मग पहिल्यासारखी तीन बोटं फट ठेवून काच थांबवली आणि दार लोटून आले. आईला सांगितलं, विळी लागली.

लग्नाच्या दोन दिवस आधी काका सकाळी गाडी सजवायला आले. त्यांनी मागचं उजवं दार उघडलं आणि लोटलं मात्र, आत काही तरी निसटलं आणि अख्खी काच दाराच्या पोटात जाऊन फुटली. तो आवाज मी चुलीपाशी ऐकला आणि त्याच क्षणी मला कळलं. पाचर ओल्या लाकडाची होती. बंद गाडीत, वैशाखाच्या तावात, चार दिवसांत ती वाळून आकसली होती. ओलं लाकूड आकसतं हे आरामशीनवाल्याच्या घरात बोलता येण्याआधी कळतं. दुसऱ्या कुणाच्या पोरीनं ही चूक केली असती तर मी तिला मूर्ख म्हटलं असतं.

काकांनी गादी उचकली, दार पोकळ दिसलं. ते तट्ट्यापाशी आले नाहीत, सरळ आमच्या अंगणात आले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. थोरल्या भावाला ते भाऊ म्हणत, तो शब्दही बाहेर ठेवून आले. "नामदेव, माया पोरीच्या लगनात तू माहा दरवाजा रिकामा केला." बाबांना एक अक्षर कळलं नाही. कळलं तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी हात लावला असन तं मार्कंड्याच्या महादेवाची आन आहे मले. हा हात झडून जाईन." काका म्हणाले, मग तुझा डावा दरवाजा उघडून दाखव. बाबा छपरीत गेले आणि डाव्या दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या दाराला काकांनी हात लावायचा नाही, मग आत काही असो नसो. त्यांना आत काही नाही याची खात्री होती, आणि म्हणूनच ते इतके ताठ उभे होते. वऱ्हाडाचं सामान आणणारे, मांडव घालणारे, सगळे बघत होते. पलीकडून काकूनं जे जे म्हणून घेतलं ते मी इथे लिहीत नाही. आईनं त्या दिवशी भांडी आपटली नाहीत.

मी चुलीपाशीच उभी राहिले. चार पावलं चालून गेले असते आणि म्हटलं असतं, की मी काढली, तर फार तर मार बसला असता. पण आपल्या पोरीनं लपून त्याच्या पोरीसाठी राबावं, हे बाबांना चोरीपेक्षा जास्त लागेल, असं मला वाटलं. शिवाय, हे लिहायला मला आवडत नाही, काका वेडेपिसे झालेले बघून मला बरं वाटत होतं. अकरा वर्षांची सगळी थुंकणी-खाकरणी मी ऐकली होती. होऊ दे थोडा तमाशा, असं आत कुणी तरी म्हणत होतं.

दुपारी बोरिंगवर मालती होती. नवरीनं पाण्याला जायचं नसतं, तरी आली होती, अंगाला हळद लागलेली. माझ्या हाताचं फडकं तिनं धरलं आणि सोडलं. "तू सांग," ती म्हणाली. "मी सांगतलं तं बाबा म्हणतीन, पोरीनंच चोरी करवली. लगनाच्या आधी सांग, शोभे." मी हो म्हटलं. मी खरंच हो म्हटलं होतं.

लग्नाच्या दिवशी बाबा धुतलेली टोपी घालून मांडवाच्या तोंडाशी गेले. बोलावणं नव्हतं, पण घरातला थोरला अंतरपाटाजवळ असतो, म्हणून गेले. काकूच्या भावानं त्यांच्या छातीवर हात ठेवला. म्हणाला, चोरांचं काम नाही इथे. बाबा तो हात बाजूला सारू लागले, आणि त्या ओढाताणीत टोपी खाली पडली. ती पायांत गेली. बाबांनी वाकून उचलली, मांडीवर झटकली आणि घराकडे वळले. बोहल्यावरून मालतीला ते सगळं दिसत होतं. तिनं मुंडावळ्या बाजूला सारून बाबांकडे बघितलं आणि मग बायकांच्या घोळक्यात मला शोधलं. मी मान खाली घातली आणि अक्षता मोजत बसले.

पाठवणीला मात्र आबाजींचा प्रघात होता, त्यामुळे काकांना आम्हाला अडवता येईना. गाडी डावी बाजू घराकडे करून उभी राहिली. उजव्या फुटक्या खिडकीला लाल कापड लावलं होतं. काका स्टेअरिंगवर. डावी काच अडकलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायका हळहळत होत्या, की मुठी तीन बोटांच्या फटीतून कशा टाकणार. मालतीनं हँडल धरलं आणि फिरवलं. काच पार खाली गेली.

मग काका वळले. त्यांनी काच बघितली, हँडल बघितलं, आणि दार उघडून खाली उतरले. त्यांच्या आवाजात एक घाणेरडा आनंद होता. म्हणाले, "पाहा. माही मशीन कुठी हाय ते पाहा सगळे. देवाची आन घेऊन राह्यला होता ना हा?"

सगळी तोंडं बाबांकडे फिरली. ते दाराच्या चौकटीत उभे होते, उजव्या मुठीत धान. मी ठरवलं होतं त्याच्या नेमकं उलट झालं होतं. मी चालती केलेली काच हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. बाबांनी काचेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांची नजर माझ्या हाताच्या फडक्यावर आली आणि तिथे थांबली. त्यांना कळलं. मला वाटलं, आता ते माझं नाव घेतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं.

"हो," बाबा म्हणाले. "मीच काढली."

ते मला वाचवायला म्हणाले, की आपल्या पोरीनं त्याच्या पोरीसाठी हात चिरून घेतला हे गावाला कळू नये म्हणून म्हणाले, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ते पायऱ्या उतरले, लोकांनी वाट दिली. मालतीनं ओंजळ पुढे केली. त्यांनी मूठ उघडली, धान टाकलं, आणि तिनं त्यांचा रिकामा हात दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला. काका तिच्यावर ओरडले. तिनं हात सोडला नाही. मग आई गेली, काकू गेली, आत्या गेली.

थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. शेवटची मी. ती माझ्यापेक्षा पंधरा दिवसांनी मोठी होती.

मी खिडकीशी गेले. मुठीत धान होतं, तळव्याची जखम त्यानं चुरचुरत होती. मालतीनं ओंजळ काढली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ती थांबली. ती कशासाठी थांबली होती ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. गाव उभं होतं, काका उभे होते, बाबा माझ्या पाठीमागे उभे होते. चार शब्द होते. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "हात काढ ना, मालू."

तिनं हँडल फिरवलं. काच वर गेली. हनुवटी झाकली, ओठ झाकले, मग डोळे, आणि वरच्या रबरात ती अलगद जाऊन बसली. कुठे खरखर नाही, कुठे अडणं नाही. गाडी सुरू झाली.

धूळ खाली बसल्यावर लोक पांगले. बाबा माझ्याशेजारून जाताना थांबले, रस्त्याकडे बघत. विचारलं, "दांडा कोनाकून फिरवून आनला?" मी म्हटलं, चामोर्शीच्या शब्बीरभाईंकडून. "सरळ बसला," ते म्हणाले आणि आत गेले.

मालती मुलचेऱ्याला असते. लग्नकार्यात भेटते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मी तिच्या नातवांची करते. काका शेवटपर्यंत भावाला चोर म्हणत गेले. बाबा त्यानंतर कधी मार्कंड्याला गेले नाहीत. दर शिवरात्रीला आई विचारी, का हो, जायचं नाही का, आणि ते म्हणत, पाय दुखतात. मी तिथेच असायची, तांदूळ निवडत नाही तर भाजी चिरत, आणि तेव्हाही काही बोलायची नाही.